‘तात्पुरते’मधली पाटी

नोंदी पुसायचा अधिकार आमच्या संघात एकाही जिवंत माणसाला नव्हता. तसा ठरावच झालेला होता, सूचक-अनुमोदकासह. तरी सोळा मार्चच्या सोमवारी भक्तीताईंनी ‘चाचण्या’ नावाचं फोल्डर उघडलं तेव्हा आत चौदा वर्षांच्या जागी एक महिना होता.

त्यांनी फोल्डर बंद केलं, परत उघडलं. कॉम्प्युटर बंद केला, परत चालू केला. मग पंखाही बंद करून चालू केला. एवढं सगळं झाल्यावर मला हाक मारली.

“मुंजाजी, इकडं ये. मलाच दिसंना गेलंय का तिथं खरंच न्हाई, तेवढं सांग.”

तिथं खरंच नव्हतं.

संघ म्हणजे पूर्णाकाठ बियाणे उत्पादक संघ, वसमत रोड, परभणी. जिल्ह्यातले शेतकरी आपल्या रानाच्या एका कोपऱ्यात संघाचं नवं वाण पेरून बघतात. कोणत्या गावात कोणतं सोयाबीन किती उगवलं, किती वाढलं, शेंगा किती, अळी कधी आली, हे सगळं ते कळवतात आणि भक्तीताई ते भरतात. पूर्वी हे रजिस्टरात होतं. ‘भांडार’ आलं त्या दिवशी रजिस्टरांच्या ढिगाला हार घालून, फोटो काढून, ती रद्दीत दिली. सत्कारानंतर लगेच रद्दीत जाणारे आमच्याकडे तेवढेच.

‘भांडार’ म्हणजे कपाटाएवढं यंत्र आणि त्याला चालवणारं सॉफ्टवेअर. मोठमोठ्या कंपन्या वापरतात तसलं. संघाचा सगळा माल त्याच्या पोटात. दर सोमवारी सकाळी सहाला ते सगळ्याची दुसरी प्रत काढतं, म्हणजे काही गेलं तर परत आणता येतं. त्या सोमवारीही काढली. मूळ फोल्डरात एकच महिना उरलाय हे त्यानं बघितलं आणि प्रतही तंतोतंत तशीच करून टाकली. रिकामेपणाची इतकी चोख नक्कल मी तरी बघितली नव्हती.

मी संघात डेटा ऑपरेटर. करार अकरा महिन्यांचा. अकरा महिने काम, मग एक दिवस आपण संघाचे कुणी नाही, मग परत अकरा महिने. तो एक दिवस मी दरवर्षी ताडकळसला घरी झोपून काढतो. सहा करार बिनतक्रार पूर्ण केले की माणूस कायम होतो असा नियम आहे. आजवर तो कुणी वापरलेला नाही, कारण पाचव्या-सहाव्या करारात प्रत्येकाविषयी काही ना काही तक्रार निघतेच. एकाच्या बाबतीत तर तो फार मुकाट राहतो अशी निघाली होती.

भक्तीताईंचा सहावा करार मेअखेर संपत होता. तक्रार शून्य. पाथरीहून रोज एसटीनं येणं-जाणं, घरी सासू अंथरुणाला खिळलेली आणि नवऱ्याचं रसवंतीचं दुकान, जे पावसाळ्यात बंद आणि हिवाळ्यात रिकामं. त्यांच्या टेबलावरच्या काचेखाली त्या नियमाचं कात्रण होतं. देवाच्या तसबिरीच्या जागी.

मंगळवारी नांदेडहून कंपनीचा इंजिनिअर आला, सिद्धोधन. माझ्याच वयाचा, सभ्य पोरगा. दिवसभर यंत्रापुढं बसून त्यानं चार ओळींचा अहवाल दिला. नोंदी रविवारी दुपारी दोन वाजता पुसल्या गेल्या. ‘तात्पुरते’ या फोल्डरमधल्या ‘भक्ती-चाचण्या’ या लिंकच्या वाटेनं पुसल्या गेल्या. लिंकची मालक : भक्ती. लिंक बनवल्याची वेळ : बारा फेब्रुवारी, सकाळी दहा चाळीस.

चौथी ओळ मी दोनदा वाचली. कारण बारा फेब्रुवारीला सकाळी दहा चाळीसला ती लिंक मी बनवली होती.

त्याचं असं झालं. ‘चाचण्या’ फोल्डर नऊ फोल्डरांच्या आत होतं. एक उघड, त्यात दुसरं, त्यात तिसरं. भक्तीताईंचा कॉम्प्युटर म्हातारा, प्रत्येक दाराशी धापा टाकायचा. अकरा तारखेला त्या म्हणाल्या, एखादा जवळचा रस्ता करून दे. मी म्हटलं, उद्या करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या यायच्या आधीच मी त्यांच्या खुर्चीवर बसलो, कीबोर्डखालच्या चिठ्ठीवरचा पासवर्ड टाकला आणि एक सिम्बॉलिक लिंक बनवली. आमच्याकडे सगळेच एकमेकांच्या खुर्चीवर बसून कामं करतात. आपल्या जागेवर उठून जाण्यापेक्षा ते बरं पडतं.

सिम्बॉलिक लिंक म्हणजे नुसती पाटी. आमच्या ताडकळसला हरिओम टेलरनं दुकान हलवलं तेव्हा जुन्या दारावर पाटी लावली, ‘हरिओम टेलर पुढच्या गल्लीत’. पाटीत कपडे नसतात. वाचणारा पुढच्या गल्लीत जातो, एवढंच. मी तशी पाटी ‘तात्पुरते’मध्ये लावली, कारण आम्हा साध्या लोकांना आपलं काही ठेवायची परवानगी तेवढ्या एकाच फोल्डरात होती. साहजिकच अख्खा संघ तिथं राहायचा. सात वर्षांपूर्वीची लग्नपत्रिका तिथं, कुणाचा तरी जातीचा दाखला तिथं.

कुणाला माहीत नव्हतं ते असं, की ‘भांडार’नं एक झाडूवाला ठेवलेला होता. माणूस नव्हे, सॉफ्टवेअरचाच एक भाग. त्याचं नाव सफाई सेवा. नवीन आवृत्ती आली तसा तो जानेवारीत आपोआप कामाला लागला. रविवारी दोन वाजता तो ‘तात्पुरते’मध्ये जाई आणि तीस दिवसांपेक्षा जुनं असेल ते काढून टाकी. लग्नपत्रिका गेली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. आणि या झाडूवाल्याला, कुठं अडू नये म्हणून, कंपनीनं सगळ्या दारांच्या किल्ल्या दिलेल्या होत्या. व्यवस्थापकांकडेही नव्हत्या तेवढ्या.

पंधरा मार्चला माझी पाटी एकतीस दिवसांची झाली. झाडूवाल्यानं ती काढून फेकायला हवी होती. त्याऐवजी त्यानं ती वाचली. पुढच्या गल्लीत गेला, आपल्या किल्लीनं टेलरचं दुकान उघडलं आणि आतले सगळे जुने कपडे बाहेर काढून जाळले. मग दार लावून घेऊन गेला. पाटी तशीच राहिली.

हे मला अहवालावरून कळलं नाही. मी तीन रविवार ऑफिसात येऊन शोधून काढलं. माझ्याच फालतू फायली एका फोल्डरात ठेवायच्या, त्यांच्या तारखा मागं करायच्या, पाटी लावून तिचीही तारीख मागं करायची आणि दोन वाजायची वाट बघायची. शिपाई बजरंगमामा कुलूप उघडून द्यायचे आणि बाकावर आडवे व्हायचे. दोन वाजले की फायली जायच्या. मी “गेल्या” म्हणायचो, ते डोळे न उघडता “जाऊ दे” म्हणायचे.

सिद्धोधनला फोन केला. तो म्हणाला, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर दिसतंय, पण आमच्याकडं तक्रार नोंदवायची तर तुमच्या भांडारप्रमुखाच्या नावानं नोंदवावी लागते. भांडारप्रमुखाचं पद आमच्याकडे दोन वर्षांपासून रिकामं होतं. प्रमुखाचा पासवर्ड लाख लावलेल्या पाकिटात, पाकीट तिजोरीत आणि तिजोरीची किल्ली भांडारप्रमुखाच्या ताब्यात, असा आदेश होता.

इकडे चौकशी समिती बसली. अध्यक्ष पार्वतीबाई. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, संघाच्या संचालक. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि नजर त्याच्या वरून. दुसरे आमचे व्यवस्थापक बन्सीधर साहेब. तिसरे सदस्य कधीच आले नाहीत, त्यामुळे त्यांचं मत निर्णायक धरायचं ठरलं होतं.

समितीनं भक्तीताईंना दोनदा बोलावलं. दोन्ही वेळा त्यांनी एकच सांगितलं. मी पुसलं नाही आणि मला पुसता येतही नाही. साहेबांनी अधिकारांची यादी काढून बघितली. खरंच, भक्तीताईंच्या नावापुढं फक्त ‘वाचणे, भरणे’ होतं. पार्वतीबाई म्हणाल्या, जिच्याकडं कुऱ्हाडच न्हाई तिनं झाड कसं तोडलं. मग ‘कारण अज्ञात’ असं लिहून प्रकरण मिटवायचं ठरलं. साहेबांच्या मते संघाच्या इतिहासातल्या सर्वच गोष्टींना ते लागू पडत होतं.

भक्तीताई त्या दिवशी पहिल्यांदा जेवताना दोन घास जास्त जेवल्या. मध्यंतरी त्या नुसत्या बसून नव्हत्या. जिल्हाभर शेतकऱ्यांना फोन लावत होत्या. काका, नऊ वर्षांमागं तुमच्या रानात आपलं सोयाबीन होतं, त्याची उंची किती होती, आठवतं का. शेतकरी मनापासून आठवायचे. कुणी फोनवरच हातानं उंची दाखवायचे. भक्तीताई ते एका वहीत उतरवत गेल्या. ‘गुडघ्याच्या जरा वर.’ ‘थोरल्या पोरीच्या कमरेला.’ अशा चार गावांच्या नोंदी त्यांनी परत उभ्या केल्या.

मी त्यांना सांगितलं, ताई, ती पाटी माझी. मला खरं कारण सापडलंय. मी समितीला दाखवतो.

“अज्ञात लिहिलंय ना त्यांनी,” त्या म्हणाल्या. “राहू दे की मग. अज्ञाताला कुणी घरी बशिवत न्हाई.”

इथं थांबायला पाहिजे होतं. पण मला वाटलं, अज्ञात हा काही निर्दोष नव्हे. उद्या कुणी फाईल उघडली तर काय, असंही वाटलं. शिवाय भोक तसंच उघडं होतं, आज ‘चाचण्या’ गेल्या, उद्या आणखी काही जाईल. हे सगळं खरंच होतं. पण त्याच्या खाली आणखी एक खरं होतं. तीन रविवार घालून मी एवढी भारी गोष्ट शोधली होती आणि ती फक्त बजरंगमामांना माहीत होती, तीही झोपेत.

मी अर्ज दिला. समितीनं रविवारचा दिवस दिला. पार्वतीबाई, बन्सीधर साहेब, भक्तीताई, बजरंगमामा, असे सगळे दीड वाजता जमले. साहेबांनी भजी मागवली.

नुसतं पुसून दाखवण्यात मजा नव्हती, शिवाय आता पुसायला राहिलं होतं काय. झाडूवाल्याचं दुसरंही एक काम होतं. ‘तात्पुरते’मधलं जे नवं असेल, ते तो सगळ्यांसाठी खुलं करून जायचा, कुणाची अडचण होऊ नये म्हणून. मी एक नवी पाटी लावली. ती दाखवत होती संघाच्या अधिकारांच्या यादीकडे, म्हणजे कुणी काय करायचं हे जिथं लिहिलेलं असतं त्या फाईलीकडे. ती फाईल आम्हाला दिसायचीसुद्धा नाही.

दोन वाजले. झाडूवाला आला, पाटी वाचली, पुढच्या गल्लीत गेला आणि अधिकारांची यादी सगळ्यांसाठी खुली करून परतला. मी ती उघडली. बजरंगमामांच्या नावापुढं ‘हजेरी बघणे’ एवढंच होतं. ते खोडून मी तिथं ‘सर्व’ लिहिलं, आणि बदल जतन होताच यादी परत बंद झाली.

“झालं,” मी म्हणालो. “आता बजरंगमामा संघाचे सर्वाधिकारी आहेत. त्यांना कशालाच कुणाला विचारावं लागणार नाही.”

बजरंगमामांच्या हातात भज्यांची ताटली होती. ती त्यांनी हळूच टेबलावर ठेवली.

मला वाटलं, आता कळलं. मग बन्सीधर साहेब जरा पुढं वाकले आणि हळू आवाजात बजरंगमामांना म्हणाले, ‘दौरे’ नावाचं त्यांचं एक फोल्डर दोन वर्षांपासून उघडत नव्हतं, ते आता उघडता येईल का. बजरंगमामांनी माझ्याकडं बघितलं, मी बटण दाखवलं, त्यांनी एका बोटानं दाबलं. फोल्डर उघडलं. साहेब म्हणाले, फार उपकार झाले.

पुढचे चार दिवस बजरंगमामा सर्वाधिकारीच राहिले. त्यांचे अधिकार काढून घ्यायचा अधिकार आता फक्त त्यांनाच होता आणि काही बिघडेल म्हणून ते माऊसला हात लावायला तयार नव्हते; पाचव्या दिवशी मी त्यांचं बोट धरून ते खोडून घेतलं. या काळात त्यांच्याकडे रजेचे तीन अर्ज आले. चहा मात्र तेच आणत होते.

पण ते नंतर. त्या रविवारी पार्वतीबाईंनी भजं खाल्लं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

“म्हणजे ही पाटी लावायला काही अधिकार लागत न्हाई,” त्या म्हणाल्या.

“काहीच नाही, मॅडम.”

“साधा माणूस बी लावू शकतो. आन् मग जे त्याला करता येत न्हाई ते सगळं त्याला करता येतंय.”

“अगदी बरोबर,” मी म्हणालो. इतक्या नीट समजून घेणारं माणूस मला संघात पहिल्यांदाच भेटत होतं.

“मग भक्तीला बी येत होतं.”

मग माझ्या लक्षात आलं.

इतके दिवस भक्तीताईंना वाचवत होती ती एकच गोष्ट. त्यांना पुसता येतच नव्हतं. ती गोष्ट मी त्यांच्याच देखत, भजी खाता खाता, काढून घेतली होती.

“मॅडम, ती पाटी मी लावली होती,” मी म्हणालो.

“मालक म्हणून नाव भक्तीचं हाय.”

“मी त्यांच्या कॉम्प्युटरवर बसलो होतो. त्यांच्या पासवर्डनं.”

“बारा फेब्रुवारीला, दहा चाळीसला.” त्यांनी अहवालावर बोट ठेवलं. “मग तवा भक्ती कुठं होती?”

हा प्रश्न फार सोपा होता. बारा फेब्रुवारीला पाथरीची एसटी मानवतच्या अलीकडे बंद पडली होती. भक्तीताई सव्वाअकराला आल्या होत्या. दहा चाळीसला त्या रस्त्याच्या कडेला बाकीच्या प्रवाशांबरोबर उभ्या होत्या आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून लिंक बनवता येत नाही. एवढं एक वाक्य बोललो की त्या सुटल्या.

मी बजरंगमामांकडं बघितलं. आणि मला हजेरीबुक आठवलं.

आमच्याकडे एसटीनं येणारे अकरा जण आहेत. पाथरी, मानवत, सेलू, पूर्णा. एसटी कधी येईल हे एसटीलाही माहीत नसतं. म्हणून बजरंगमामा रोज साडेदहाला हजेरीबुकात त्या अकरा जणांच्या नावापुढं ‘१०:३०’ लिहून ठेवतात, आणि ते आले की नुसती सही करतात. गेली वीस वर्षं. कुणी त्यांना सांगितलं नाही, कुणी त्याबद्दल काही दिलं नाही. लेकरं-बाळं सोडून येतेत बिचारे, एवढंच ते म्हणतात. बारा फेब्रुवारीलाही भक्तीताईंच्या नावापुढं १०:३० होतं, मामांच्या गोल अक्षरात, आणि खाली भक्तीताईंची सही.

मामांचं निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. ते माझ्याकडं बघत नव्हते. भज्यांच्या ताटलीकडं बघत होते.

“सांगा की,” पार्वतीबाई म्हणाल्या. “कुठं होती?”

“मी तिथंच होते,” भक्तीताई म्हणाल्या. “ह्याच्या शेजारी उभी होते. मीच म्हणले होते, मला जवळचा रस्ता करून दे. त्यानं माझं ऐकलं.”

आवाज अगदी रोजचा. जणू गड्डी-दोन गड्डी मेथी मागत होत्या.

मी म्हणालो, हे खरं नाही. पार्वतीबाईंनी मला विचारलं, काय खरं नाही, तिनं म्हटलं नव्हतं का. म्हटलं होतं, मी म्हणालो, पण आदल्या दिवशी. त्या म्हणाल्या, दिवसानं काय फरक पडतो. तो किती पडतो हे मला सांगता येत होतं. मी परत बजरंगमामांकडं बघितलं आणि सांगितलं नाही.

साहेबांनी कागदावर लिहिलं : ‘कबुली’. मग उरलेली भजी संपवली.

जिन्यात मी भक्तीताईंना गाठलं. मला रडू येत होतं आणि मी काहीतरी विनोद करायच्या प्रयत्नात होतो, ते दोन्ही जमेना.

“कामून केलंत असं?”

“तर काय करायचं होतं मग. हजेरीबुक काढलं असतं तर मामा गेले असते. आन् मामाच्या मागं अकरा जण. त्यात मी बी हायेच की.” त्यांनी पर्समधून बसचा पास काढून हातात धरला, स्टँड दोन किलोमीटर लांब असताना. “कसं बी मोजलं तरी मी जातेच. मग एकटीच गेलेलं बरं.”

मी म्हणालो, मी गप्प बसलो असतो तर.

“व्हय,” त्या म्हणाल्या. “तसं लय बरं झालं असतं.”

यापलीकडे त्या मला कधी काही बोलल्या नाहीत. हेही काही कमी नव्हतं.

मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी त्यांचा करार संपला आणि पुढचा झाला नाही. ‘एक तक्रार प्रलंबित’ असा शेरा. निरोप समारंभ झाला नाही, कारण तो कायम कर्मचाऱ्यांचा होतो. त्यांनी काचेखालचं कात्रण काढलं नाही. नियम अजून चालू आहे, कुणाला तरी लागेल, म्हणाल्या. त्या दुपारपर्यंत सहा गावांच्या नोंदी झाल्या होत्या. शेवटची होती बोरीच्या एका म्हाताऱ्यांची : ‘उंची आठवत नाही, पण ससा उभा राहिला तर दिसत नसे.’

सोमवारी मला साहेबांनी बोलावलं. समितीनं दोन शिफारशी केल्या होत्या. पहिली अमलात आली होती. दुसरी अशी, की यंत्रणेतले दोष ज्याला समजतात अशा माणसाला भांडारप्रमुख करावं. तिजोरी सुतारानं फोडली. लाख लावलेलं पाकीट माझ्या हातात आलं. पद तात्पुरतं, अधिकार सर्व. सकाळपर्यंत मी एकाच फोल्डरात काही ठेवू शकत होतो, दुपारी संघातलं असं काही राहिलं नाही की जे मला बदलता येत नव्हतं.

पहिलं काम आलं भक्तीताईंचं खातं बंद करायचं. ते केलं. मग मी दार लावून बसलो आणि सगळ्या नोंदी उकरल्या. माझ्या हाती आता सगळंच होतं. यंत्राची रोजनिशी, कोणता कॉम्प्युटर किती वाजता चालू झाला, सगळं. त्यात हजेरीबुक न काढताही दिसत होतं की पाटी बनल्यावर त्याच कॉम्प्युटरवरून लगेच माझं स्वतःचं ईमेल उघडलं गेलं होतं, म्हणजे त्या खुर्चीवर मीच होतो. मी अकरा पानं छापली, खाली सही केली, शिक्का मारला आणि पार्वतीबाईंच्या घरी गेलो.

त्यांनी सगळी पानं वाचली. चहा दिला. मग विचारलं, की मुंजाजी, ही रोजनिशी आता कुणाला बदलता येते.

मी म्हणालो, मला.

“आणखी कुणाला?”

“कुणालाच नाही.”

“मग बाळा,” त्या म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाईट वाटत होतं, “तुमच्या पुराव्याला मी काय म्हणू. अधिकार नव्हता तवा पुरावा न्हवता. आता अधिकार हाय तर पुरावा तुमच्या हातचा.”

मग एकच राहिलं. ‘तात्पुरते’मधली ती पाटी. ती अजून तिथंच होती, भक्तीताईंच्या नावानं, रिकाम्या फोल्डराकडं बोट दाखवत. तिला मी हात लावलेला नव्हता. मी सिद्धोधनला फोन केला. आता भांडारप्रमुख होतो, तक्रार लगेच नोंदली गेली. तो म्हणाला, कंपनी बाहेरचा तपासनीस पाठवते, तो पाटी जशीच्या तशी बघेल, तिच्यात कोणत्या क्षणी काय झालं ते तो काढू शकतो, त्याचा शब्द कुणीही मानेल. पुढच्या बुधवारी येईल. तोवर तिला धक्का लावू नका.

मी धक्का लावला नाही. कुणाला लावूही दिला नाही. बजरंगमामांना यंत्राच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसवलं.

शुक्रवारी रात्री कंपनीनं तत्परतेनं, माझ्याच तक्रारीवरून, दुरुस्ती पाठवली. ‘भांडार’नं ती आपोआप बसवून घेतली, जानेवारीत घेतली होती तशीच. सोबतच्या पत्रात एकच ओळ होती : सफाई सेवा आता लिंकच्या मागे जात नाही, लिंकच काढून टाकते. ती ओळ मी सोमवारी वाचली.

रविवारी दोन वाजता झाडूवाला आला होता. या वेळी त्यानं पाटी वाचली नाही, पुढच्या गल्लीत गेला नाही, कुणाचं काही जाळलं नाही. तीस दिवसांपेक्षा जुनी एक पाटी होती, ती त्यानं काढून टाकली. आणि सोमवारी सहाला ‘भांडार’नं दुसऱ्या प्रतीतूनही ती चोख काढली.

बजरंगमामा बाहेर खुर्चीवरच होते. म्हणाले, आत एक माशी बी गेली न्हाई, साहेब. ते मला आता साहेब म्हणतात.

तपासनीस बुधवारी आला, काहीच नाही हे त्यानं बघितलं, आणि यंत्रणा निर्दोष असल्याचं प्रमाणपत्र देऊन गेला. ते साहेबांनी फ्रेम करून दर्शनी भिंतीवर लावलं.

त्या दुपारी भक्तीताईंचा फोन आला. मागं रसवंतीच्या घुंगरांचा आवाज येत होता. त्यांचा डबा ड्रॉवरमध्ये राहिला होता, पाथरीच्या कुणाजवळ तरी दे म्हणाल्या. मी हो म्हणालो. मग त्यांनी विचारलं, ते भोक बुजलं का.

“बुजलं.”

“आता नीट चालतंय ना?”

“लय नीट चालतंय, ताई.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “डब्याचं झाकण घट्ट हाय. बुडातून दाबलं की निघतं.”